फुलपात्राची जागा

माझा भाऊ वाल्मिक खोटं बोलायचा, आणि फार गोड बोलायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याला खोटं कशाला म्हणायचं, हौस म्हणू या. मी मात्र खोटंच म्हणायची, तोंडावर म्हणायची, म्हणून आमचं कधी पटलं नाही. तरी त्या रविवारी शहापुरात जे झालं त्याची लाज मला इतकी वाटली, की जणू ते मीच बोलले होते.

आमचा बाप धाऊ सुतार. माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे आहे, तिथला. गावातले नांगर, गाड्या, पाळणे सगळे त्याच्या हातचे, आणि त्याबदली सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन सुपात भात घ्यायचा. बा बोलायला कमी. पाट करून दे म्हणून कुणी आलं की त्याचा एकच सवाल, "जेवनारे किती?" लाकूड कसलं, जाड की पातळ, ते मागनं. घरात सहा तोंडं आणि माणूस पाच पाट सांगायला लागला, तर बा सहाच करायचा. म्हणायचा, "एक मानूस भुईवर बसला तर लाज सुताराची." आमच्या घरात प्रत्येकाचा पाट वेगळा होता आणि ज्याचा त्यानं घ्यायचा. माझ्या पाटाला एका कोपऱ्यावर गाठ होती, दादाचा, म्हणजे वाल्मिकचा, सगळ्यांत गुळगुळीत.

दादा लहान होता तेव्हाची गोष्ट, गावात एका मोठ्या घरचं लग्न होतं. मांडवाचे खांब बाने तासले होते, नवरानवरीचा चौरंग बाने केला होता. दादा दोस्ताबरोबर पहिल्या पंगतीला जाऊन बसला. पानात बुंदीचा लाडू पडलेला, त्यानं तो हातात घेतलेला, आणि वाढणाऱ्यांतल्या एकानं त्याच्या बखोटीला धरून त्याला उठवलं. "सुताराचा ना रे तू? मागच्या पंगतीला बस." बा तिथंच उभा होता. तो मांडवाच्या खांबावरून हात फिरवत राहिला. दादा मागच्या पंगतीलाही बसला नाही आणि घरी येऊनही जेवला नाही. पुढं कितीतरी वर्षं तो बाला म्हणायचा, "तू बोलला का नायस?"

मोठा झाल्यावर दादानं हत्यारांना हात लावायचं सोडलं. खळ्यावर सूप घेऊन उभं राहायचं काम आपलं नाही म्हणाला, आणि शहापूरला निघून गेला.

शहापुरात तेव्हा कर्णिक साहेबांच्या होडीचा गाजावाजा होता. हे साहेब मुंबईच्या बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. हमरस्त्याच्या कडेला त्यांची जागा होती, तिथं पत्र्याची मोठी शेड घालून ते स्वतः शिडाची होडी बांधत होते. समुद्र कुठं, शहापूर कुठं! बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून होडी बघायला जायची आणि हसून परत यायची. पण गोवा नुकताच मोकळा झाला होता, आणि होडी ट्रकवर घालून कल्याणच्या खाडीत सोडायची आणि तिथून शिडावर गोवा गाठायचा, हे साहेबांच्या डोक्यानं घेतलं होतं. दादा त्यांच्याकडे राहिला. फळ्या धरायच्या, खिळे द्यायचे, पाणी भरायचं, चहा करायचा.

हे मला नंतर कळलं. घरी येऊन दादा सांगायचा ते निराळंच. "साहेब मला इचारल्याबिगर खिळा मारत नाय." "रविवारी साहेबाचे तीन दोस्त येतात. होडीच्या मागल्या अंगाला बसायची खोलगट जागा हाय, तिला कॉकपिट म्हनतात. तितं आमी बसतो, खातो, पितो." "काय पिता?" असं आई विचारायची. "सरबत," असं दादा म्हणायचा. दारूबंदीचे दिवस होते, तेव्हा सरबतच म्हणायला हवं.

त्या वर्षी शिमग्याला तो आला तो गाठी मारलेली सुतळी घेऊन. कॉकपिटमध्ये बसवायला टेबल पाहिजे होतं. साहेबांनी स्वतः करायला घेतलं आणि दोन चांगल्या फळ्या वाया घालवल्या, तेव्हा दादा म्हणाला होता, माझा बाप करून देईल. दादानं ओटीवर सुतळी पसरून दाखवली. ही लांबी, ही रुंदी. मधोमध बिजागरी, म्हणजे नको तेव्हा मिटून ठेवता येईल. दोन्ही बाकांना अडकवायला आकडे. काठाला बोटभर उंच कठडा, म्हणजे होडी कलली तरी ताटली खाली जाणार नाही. आणि पेले बसवायला गोल भोकं, बसणाऱ्याच्या पुढ्यात एकेक. साहेबांच्या पेल्याच्या घेराची सुतळी वेगळी आणली होती.

बाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बसनारे किती?"

आता इथं दादानं "चार" म्हणायचं होतं. साहेबांनी त्याला चारच सांगितलं होतं. पण आई, आमची गोदीबाई, चुलीपुढची उठून दारात येऊन उभी होती. शेजारचा यमाजी तंबाखू मळत बसला होता. बा दादाकडे बघत होता, आणि कितीतरी वर्षांनी दादानं त्याच्याकडे लाकडाचं काम आणलं होतं.

"पाच," दादा म्हणाला. "चार साहेब नि मी."

"तू बी तेंच्या बरोबर?" यमाजीने तंबाखू मळायची थांबवली.

"मग! त्याच पंगतीला."

आई आत गेली ती पदर डोळ्यांना लावूनच. बाने सुतळी उचलली आणि ती नीट गुंडाळून पागोट्यात खोवली. एवढ्या जपून त्यानं दुसऱ्या कुणाचं माप ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी दादाला मागच्या अंगणात गाठलं आणि म्हटलं, "खरा सांग, बसतोस का तू?" तो म्हणाला, "तुला माजा चांगला झालेला बघवत नाय." आणि दुसऱ्या दिवशी शहापूरला पळाला.

सिद्धगडाकडचा एक जुना गोठा मोडला तेव्हा त्याची सागवानी तुळई बाने मागून आणली होती. तिच्या फळ्या चिरून त्या माळ्यावर ठेवल्या होत्या, दादाच्या लग्नाच्या चौरंगासाठी. त्या त्याने खाली काढल्या. आई म्हणाली, "आन् लग्नाला काय करशील?" बा म्हणाला, "हा बी त्याच्याच मानाचा हाय."

सगळा चैत्र बा त्या टेबलाला लागला होता. लोकांच्या नांगरांना तो पहिल्यांदाच "थांब" म्हणाला. तासून झालं की मी काचकागद मारायची आणि अळशीचं तेल चोळायची. लाकूड जुनं, तेल पिऊन तांबूस झालं होतं. चार भोकं त्यानं साहेबांच्या सुतळीवरून घेतली, दोन एका बाजूला, दोन समोर. पाचवं आखूड बाजूला, मधोमध. त्याच्यासाठी त्यानं आईला हाक मारली, "गोदे, वाल्मिकचा फुलपात्र दे."

दादाचं पितळेचं फुलपात्र होतं, त्याच्या पाचवीला मामाने दिलेलं. काठाला थोडं चेपलेलं. लहानपणापासून तो दुसऱ्या कशातून पाणी प्यायचा नाही. बाने ते फळीवर उपडं ठेवलं, भोवती पेन्सिल फिरवली, मग काठ वर टेकेल इतकं आत घेतलं, चेपलेल्या जागी जरा जास्त. पटाशीनं भोक कोरून, कानसून, फुलपात्र त्यात सोडलं. ते काठावर अलगद बसलं, हलवलं तरी वाजलं नाही. बाने ते तीन-चारदा काढलं आणि परत बसवलं. आपल्या कामावर खूश झालेला बा मी तेव्हा पाहिला.

होडी हलते म्हणजे किती हलते, हे आमच्यात कुणाला माहीत! बाने डोकं लढवलं. यमाजीची बैलगाडी मागितली, टेबल तिच्यात बांधलं, नाक्यावरच्या हॉटेलातून चार पेले आणले, पाचवं फुलपात्र, सगळ्यांत पाणी भरलं आणि गाडी कोरड्या भातखाचरांत घातली. बांधावरून गाडी आदळत चालली, यमाजी बैलांना शिव्या देतोय, आई गाडीत एका हाताने दांडी धरून ओरडतेय, "सांडला नाय! सांडला नाय!" सगळा गाव बांधावर उभा राहून हसत होता. पेल्यांतलं पाणी हिंदकळलं, पण एकही पेला जागचा उठला नाही. आई खाली उतरली तेव्हा तिचं लुगडं ओलं झालं होतं आणि ती पोरीसारखी हसत होती. त्या संध्याकाळी आळीतल्या प्रत्येक घरात तिनं जाऊन सांगितलं, की साहेबांच्या होडीत माझ्या वाल्मिकचं फुलपात्र ठेवायला वेगळी जागा आहे.

रविवारी आम्ही निघालो, बा आणि मी. टेबल गोधडीत गुंडाळून एस.टी.च्या टपावर घातलं. मुरबाडला गाडी बदलली. फुलपात्र आईने राखेने घासून माझ्या पिशवीत दिलं होतं. बाने नवं धोतर नेसलं होतं.

शेडमध्ये होडी लाकडी टेकूंवर उभी होती. खरं सांगते, बघून मला हसू आलं नाही. एवढी मोठी, पोटाला गोल, पांढरा रंग दिलेली. बाने आधी तिच्या फळ्यांवर हात फिरवला. साहेब शिडीवरून खाली आले आणि स्वतः म्हणाले, "या, धाऊ मिस्त्री." माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. दादा मागून आला, आम्हांला बघून हसला, पण त्याचे डोळे आमच्या मागे कुठंतरी होते. "ठेवा तितं, नि तुमी जा, मी लावतो," तो घाईघाईने म्हणाला. साहेब म्हणाले, "अरे, ज्याने केलं त्यालाच लावू दे."

बा शिडी चढून वर गेला, टेबल वर ओढून घेतलं, आकडे अडकवले, फळ्या उघडल्या. टेबल त्या जागेत जणू तिथंच वाढल्यासारखं बसलं. मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होते. साहेब आणि त्यांचे तीन दोस्त दोन्हीकडच्या बाकांवर येऊन बसले. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, होडी पत्र्याखाली, आणि चौघे समुद्रात असल्यासारखे ऐटीत. "फर्स्टक्लास!" साहेब म्हणाले. "वाल्मिक, आण."

दादा ट्रे घेऊन आला. अनवाणी. त्यानं चार पेले भरले आणि टेबलापासून दोन हात मागं सरकून उभा राहिला, ट्रे छातीशी धरून. कसं उभं राहायचं, किती मागं सरायचं, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. मला तेवढ्यावरून सगळं कळलं. बाला कळलं नव्हतं. बा आखूड बाजूच्या त्या मोकळ्या जागेकडे बघायचा आणि मग दादाकडे. त्याला वाटत असावं, आपल्यासारखीच इथली रीत, वाढणारा आधी सगळ्यांना वाढतो आणि मग स्वतः बसतो.

मग एका दोस्ताने बोलता बोलता पेला उचलला, घोट घेतला आणि परत ठेवताना हाताशी आलेल्या पाचव्या भोकात सोडला. फुलपात्राच्या मापाचं ते. पेला सरळ खाली गेला आणि होडीच्या तळाशी फुटला.

"अरेच्चा!" साहेब वाकून बघू लागले. "मिस्त्री, हे पाचवं कशाला? आणि एवढं मोठं?"

बाचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्याला वाटलं, आता सांगायची वेळ आली. त्यानं माझ्याकडे हात केला, फुलपात्र दे म्हणून. माझा हात पिशवीत गेला.

"तो साहेब, आमचा वाल्मि..."

"चूक झाली साहेब!" दादा एवढ्या मोठ्यानं बोलला की होडीखाली झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला. "मी चारच सांगितली होती. म्हातारा अडाणी हाय, त्याला मोजता येत नाय."

फुलपात्र माझ्या हातात होतं. मला वाटलं, ते काढावं आणि दादाच्या कपाळावर मारावं. मला वाटलं, ओरडून सांगावं, की ह्या माणसानं गावातली सगळी तोंडं मोजून पाट केलेत, आणि आजवर एकही माणूस त्याच्या पाटाविना भुईवर बसलेला नाही. पण बाने माझ्याकडे केलेला हात हळूच खाली घेतला. त्यानं दादाकडे पाहिलं. ट्रेकडे पाहिलं, त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग त्याला कळलं.

"होय साहेब," बा म्हणाला. "चुकला माजा. मोजताना चुकला."

मी फुलपात्र पिशवीतच सोडलं. दादाची मान खाली गेली होती.

"अहो, चालायचंच," साहेब म्हणाले. ज्याचा पेला फुटला तो दोस्त हसून म्हणाला, "उलट बरं झालं. सिगारेटची राख टाकायला जागा झाली. खाली एक डबी बसवू." आणि त्यानं ओठातली सिगारेट काढून तिची राख त्या भोकातून खाली झटकली.

"नको साहेब," बा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण चौघांनीही त्याच्याकडे पाहिलं. "राख नको टाकू त्यात. मी बुजवतो."

"राहू द्या हो..."

"बुजवून जातो."

टेबल खाली आणलं. साहेबांच्या फळ्यांच्या ढिगातून बाने सागाचा तुकडा निवडला आणि जमिनीवर बसून तो गोल तासायला लागला. वर हसणं-बोलणं परत सुरू झालं होतं. दादा खाली येऊन काच गोळा केलेली टोपली ओतून गेला, परत येऊन उगाच झाडू घेऊन गेला. आमच्या जवळ यायचा आणि वळायचा. बाने तुकडा भोकात ठोकला, वरून रंधा मारला, तेल चोळलं. काठ चेपलेल्या जागेचा तेवढा बाक लाकडात दिसत होता, पण माहीत असलेल्यालाच दिसला असता.

आम्ही स्टँडवर आलो तेव्हा दादा धावत आला. बापुढं नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "का रे, बापाला अडाणी म्हनताना तर जीभ वळली!" बा मला म्हणाला, "तू गप गो." मग माझ्या पिशवीतून फुलपात्र काढून त्यानं दादाच्या हातात दिलं.

"आयेनं दिलाय. पानी पीत जा त्यातनं," बा म्हणाला. "नि घरी आलास की तिला काय सांगू नको. बरोबर बसला म्हन."

दादा फुलपात्र हातात धरून रडायला लागला, भर स्टँडात, लोक बघत होते. बा गाडीत चढून बसला आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. घरी आई उंबऱ्यातच वाट बघत होती. "बसला काय रे फुलपात्र?" बाने पागोटं काढून खुंटीला लावलं आणि म्हणाला, "बरोबर बसला." आयुष्यात मी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते दुसरं खोटं, आणि दोन्ही एकाच दिवसातली.

गौरीगणपतीला दादा घरी आला. वाळलेला दिसत होता. आईनं पानं मांडली, बाच्या पाटाशेजारी दादाचा गुळगुळीत पाट मांडला, आणि तिच्या तोंडाला खळ नव्हता. "दसरा झाला की होडी पान्यात जानार ना रे? तवा काठोकाठ नको भरू. वैशाखऱ्याच्या खाचरांत सांडला नाय, पन समुद्राचा काय सांगावा! साहेब काय म्हनला रे फुलपात्र बघून?"

"चांगला म्हनला," दादा म्हणाला.

"नि बसतो ना बरोबर?"

"बरोबर बसतो गो आये."

बाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आपल्या पाटावर बसला, पानाभोवती पाणी फिरवलं. दादा आला, आपला पाट हाताने बाजूला सरकवला, आणि भुईवर बसला. शेणाने सारवलेल्या भुईवर, मांडी घालून, मान खाली.

"अरे, भुईवर काय?" आई वाढता वाढता थांबली.

दादा हलला नाही. आईला काही कळेना, ती माझ्याकडे बघू लागली. मी पुढं झाले नाही. मनात म्हटलं, बसू दे, तीच जागा आहे त्याची.

बा उठला. त्यानं दादाच्या बखोटीला धरलं, त्या लग्नात त्या माणसानं धरलं होतं तसंच, आणि त्याला उभं केलं. दुसऱ्या हाताने पाट ओढून जागेवर घेतला.

"पाटावर बस," बा म्हणाला. "लाज सुताराची जाते."

दादा पाटावर बसला. आईनं भात वाढला, वर वरण घातलं, आणि पाण्यासाठी त्याच्यापुढं साधा पेला ठेवला, कारण फुलपात्र तर तिकडे होडीत होतं ना.